घरट्याला हात लावण्याआधी : कोकणातल्या कासव-राखणीसाठी नव्या स्वयंसेवकांना

कोकणच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचं काम साधारण नोव्हेंबरात सुरू होतं आणि मे महिन्यात शेवटची पिल्लं समुद्रात गेली की आटोपतं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे काम २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभं केलं. आज आंजर्ले, हरिहरेश्वर, दिवेआगर, गुहागर, गावखडी आणि खाली वेंगुर्ल्याजवळ वायंगणीपर्यंत वन विभाग आणि गावोगावचे कासवमित्र मिळून ते चालवतात. हंगामात दोन-चार दिवस किंवा दोन-चार आठवडे मदतीला येणाऱ्या नवख्या माणसासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या कामात चुका आळसाने कमी होतात, उत्साहाने जास्त. काठी जोरात खुपसली, अंडी पटापट बादलीत टाकली, पिल्लं तळहातावर घेऊन पाण्यापर्यंत नेली... हे सगळं चांगल्या मनानेच केलेलं असतं.

परवानगी आणि माणसं

ऑलिव्ह रिडले वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. म्हणजे कासव, अंडं, पिल्लू यांपैकी कशालाही वन विभागाच्या परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. गावातल्या ज्या कासवमित्राला वन विभागाने नेमलं आहे तोच अंडी हलवतो. तुम्ही त्याच्या हाताखाली काम करता. आल्या आल्या त्याची, वनरक्षकांची आणि सरपंचांची गाठ घ्या. किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लावणारी मंडळी असतील तर त्यांनाही जाऊन भेटा. रात्री वाळूवर फिरणारा अनोळखी माणूस कोण, हे त्यांना ठाऊक असलेलं बरं. शिवाय कासव वर आलेलं सगळ्यांत आधी त्यांनाच दिसतं.

कासवमित्राचं म्हणणं आणि तुम्ही कुठे वाचलेलं यांत फरक पडला तर त्या रात्री त्याचं ऐका, प्रश्न सकाळी चहाला विचारा.

बरोबर काय घ्यायचं

विजेरी, तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन घड्या रबराने बांधून. गडद रंगाचे कपडे. तीन मीटरचा मापाचा फीत-टेप. वही आणि पेन्सिल (खाऱ्या दमट हवेत बॉलपेन हमखास दगा देतं). दहा-पंधरा लिटरची स्वच्छ बादली, जिच्यात कधी डिझेल, फिनेल किंवा साबण गेलेला नाही अशी. सुती फडका. बस्स. डास चावतात म्हणून हातांना मलम चोपडून येऊ नका. ते अंड्यांना लागतं. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

भरती-ओहोटीचं गणित

फेरीची वेळ घड्याळावर ठरत नाही, तिथीवर ठरते. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. पूर्ण ओहोटी भरतीनंतर साधारण सहा तासांनी होते. किनाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, पण फेरी आखायला एवढं पुरतं.

याचा उपयोग असा. अमावास्येच्या आसपास मध्यरात्री उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठी, भरती असते आणि पहाटे सहाला ओहोटी. मध्यरात्रीनंतर कासव आलं असेल तर पहाटे त्याची वाट पाण्यापर्यंत अख्खी दिसते. अष्टमीला उलट. ओहोटी मध्यरात्री आणि भरती सकाळी सहाला, म्हणून रात्रीच्या वाटेचा खालचा भाग पहाटेपर्यंत पाण्याने पुसलेला असतो. त्या दिवशी ओल्या वाळूवर शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. भरतीने सोडलेल्या कचऱ्याच्या रेषेच्या वरच्या बाजूने चाला, तिथेच तुटलेली वाट सापडेल. उधाणाच्या दिवसांत आणखी एक होतं : रात्री दहाला केलेल्या खालच्या घरट्याच्या खुणा बाराच्या भरतीत साफ जातात. म्हणून उधाणाला एक फेरी भरतीच्या आधी आणि एक नंतर लागते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार वर चढत नाही, तेव्हा पहाटेची एक फेरी बहुधा भागवते.

शेवटची फेरी मात्र काहीही झालं तरी उजाडायच्या आत पूर्ण व्हायला हवी. सूर्य वर आला की कुत्री, फिरायला येणारी माणसं आणि गाड्यांची चाकं सगळ्या खुणा मोडतात.

वाट वाचणं

ऑलिव्ह रिडले लहान कासव आहे. पाठीची लांबी ६० ते ७० सेंटिमीटर, वजन साधारण ३५ ते ४५ किलो. वाट ७० ते ८० सेंटिमीटर रुंद पडते आणि दोन्ही बाजूंचे वल्ह्यांचे (वल्ह्यासारख्या पायांचे) ठसे समोरासमोर नसतात. एक डावीकडे, मग थोडा पुढे एक उजवीकडे, असे आलटून-पालटून स्वल्पविरामासारखे उमटतात. ठसे समोरासमोर जोडीने आणि वाट मीटरभर रुंद असेल तर ते हिरवं कासव असू शकतं. फोटो काढा, बाजूला टेप ठेवा आणि लगेच वन विभागाला कळवा.

वर गेलेली वाट आणि परतलेली वाट ओळखायला दोन खुणा आहेत. वाळू नेहमी कासवाच्या मागे ढकललेली असते. ठशाची उतरती कड ज्या बाजूला, त्याच्या उलट दिशेला कासव गेलं. दुसरी खूण पाण्याची. ओहोटी चालू असताना आलेल्या कासवाची परतीची वाट लांब असते, कारण तोवर पाणी आणखी मागे सरलेलं असतं.

वाट संपते तिथे काय दिसतं त्यावरून पुढचं ठरतं. वाट नुसतीच वळून परत गेली असेल, किंवा एक-दोन उघडे अर्धवट खड्डे असतील, तर ती फसवी फेरी. कासव घाबरलं, मूळ आडवं आलं किंवा वाळू कोरडी ढासळत होती म्हणून अंडी न घालताच गेलं. नोंद करा आणि पुढे चला. ते त्याच रात्री किंवा पुढच्या एक-दोन रात्रींत पुन्हा येण्याची शक्यता असते. याउलट मीटर-दीड मीटरचा पट्टा विस्कटलेला, ओली वाळू कोरडीवर उडालेली आणि मधला भाग चोपलेला दिसला तर घरटं आहे. अंडी बुजवल्यावर मादी डावी-उजवी डोलत पोटाच्या कवचाने जमीन ठोकते. त्याचा धपधप आवाज शांत रात्री वीस-पंचवीस पावलांवरून ऐकू येतो.

मादी समोर आली तर

थांबा. विजेरी बंद. खाली बसा. पाण्यातून वर येताना आणि खड्डा खणताना ती फार बुजरी असते. एखादी सिगारेट पेटली तरी मागे फिरते. अंडी घालायला सुरुवात झाली की भोवतालचं भान बरंच कमी होतं, तेव्हा मागच्या बाजूने, तिच्या नजरेत न येता, लाल उजेडात जवळ जाता येतं. सगळा प्रकार पाऊण ते एक तासाचा असतो. पुढच्या वल्ह्याला धातूची पट्टी दिसली तर त्यावरचे आकडे-अक्षरं दोनदा वाचून लिहून घ्या. हे क्षुल्लक वाटतं, पण ओडिशात २०२१ साली पट्टी लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना सापडली ती अशाच एका पट्टीमुळे. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांची कासवं वेगळी, या समजाला त्या एका नोंदीने धक्का दिला.

फ्लॅश मारून फोटो नाही, पाठीवर बसणं नाही, परतताना पुढे उभं राहून व्हिडिओ नाही. ती पाण्यात गेल्याशिवाय घरट्याला हात नाही.

अंड्यांची जागा शोधणं

चोपलेल्या पट्ट्यात अंडी नेमकी मध्यभागी असतातच असं नाही. बोटांच्या टोकांनी हळूहळू दाबत जा. सगळीकडे वाळू घट्ट लागते, घरट्याच्या गळ्यावर मात्र बोटं भसकन आत जातात. वितीएवढ्या रुंदीचा तो गोल सापडला की झालं. पूर्वी अंडी चोरणारे लोक काठी खुपसून पाहायचे आणि टोकाला बलक लागला की खणायचे. काही कासवमित्र आजही काठी वापरतात, पण त्यांच्या मनगटाला दाब कळतो. नवख्याने काठी वापरू नये. एक अंडं फुटलं की त्याच्या वासावर मुंग्या आणि खेकडे येतात आणि बुरशी शेजारच्या दहा अंड्यांवर चढते.

हलवायचं की नाही

हा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो तुमचा नाही. पण तो कसा घेतला जातो हे माहीत असावं. घरटं उधाणाच्या रेषेच्या वर असेल, तिथे राखण करता येत असेल आणि दिव्यांचा उजेड पडत नसेल तर ते जागेवरच ठेवणं सर्वांत चांगलं. वर जाळीचा पिंजरा पुरायचा, खूण ठेवायची. मादीने निवडलेली जागा आणि तिने खणलेला खड्डा यांची बरोबरी आपल्या हाताला येत नाही. कोकणातल्या बहुतेक पुळणींवर मात्र कुत्री, कोल्हे, मुंगसं आणि रानडुकरं इतकी आहेत, काही ठिकाणी किनाऱ्याची धूपही इतकी आहे, की घरटी हॅचरीत, म्हणजे अंडी उबायला ठेवायच्या कुंपणातल्या जागेत, न्यावीच लागतात. नाइलाज म्हणून न्यायची, सवय म्हणून नाही. सगळी घरटी एका ठिकाणी आणली की एका मोठ्या लाटेत किंवा कुंपणाखालून घुसलेल्या एका कुत्र्यामुळे सगळीच जाण्याचा धोकाही आपण जमा करतो.

अंडी हलवण्याची रीत

घरट्यात साधारण १०० ते १२० अंडी असतात. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नाही, चामड्यासारखं मऊ. अंडं घातल्यानंतर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. मग अंडं फिरलं किंवा आदळलं की तो चिकटलेला भाग फाटतो आणि गर्भ मरतो. बाहेरून काहीच कळत नाही. पन्नास दिवसांनी घरटं उकरल्यावर कळतं.

म्हणून वेळेचा हिशेब पक्का ठेवा. दोन-तीन तासांच्या आत नेली तर उत्तम. सहा तासांपर्यंत काळजीपूर्वक चालतं. त्यापुढे, आणि विशेषतः अंड्याच्या वरच्या भागात पांढुरका डाग दिसायला लागल्यावर, घरटं बुडण्याची खात्रीच असेल तरच हलवायचं. हलवावंच लागलं तर प्रत्येक अंडं ज्या बाजूने वर होतं त्याच बाजूने वर ठेवून.

क्रम असा :

१. वरची कोरडी वाळू वितभर बाजूला सारा. तसं केलं नाही तर ती सतत घरट्यात घरंगळते.

२. पहिलं अंडं लागताच थांबा. पृष्ठभागापासून त्याच्यापर्यंतची खोली मोजा आणि लिहा.

३. बादलीच्या तळाशी घरट्यातलीच ओली वाळू चार बोटं भरा. मादीने अंड्यांबरोबर सोडलेला चिकट द्रव या वाळूत असतो, तो नव्या घरट्यातही जायला हवा.

४. अंडी एकेक करून अंगठा आणि दोन बोटांत उचला. मूठभर नाही, ओंजळभर नाही. न फिरवता ठेवा. टाकू नका, ठेवा. तळाची अंडी काढताना हात खांद्यापर्यंत आत जातो आणि घाई व्हायला लागते. तिथेच सगळ्यांत जास्त अंडी फुटतात. पालथे झोपून काढा.

५. रिकाम्या घरट्याची एकूण खोली आणि तळाची रुंदी मोजा. आकार मडक्यासारखा असतो, वर अरुंद आणि खाली फुगलेला. खोली बहुधा ४५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या मापाने एक हात.

६. बादली ओल्या वाळूने किंवा ओल्या फडक्याने झाका आणि हातात धरून चालत न्या. अंडी चार किलोंच्या घरात आणि वर वाळू, म्हणजे ओझं आठ-नऊ किलोंचं होतं. किनारा लांब असेल तर दोघांनी आळीपाळीने. मोटारसायकलच्या हँडलला बादली अडकवून नेल्यामुळे आजवर कितीतरी घरटी नासली असतील.

फुटलेलं अंडं नव्या घरट्यात जात नाही. दूर पुरायचं, पण संख्येत धरायचं.

हॅचरीची जागा आणि नवं घरटं

जागा उधाणाच्या रेषेच्या नक्की वर, पण त्याच पुळणीवर. सुरूच्या बनापासून चार-पाच मीटर लांब, कारण सुरूची आणि मर्यादवेलीची मुळं ओलाव्याच्या शोधात थेट अंड्यांत घुसतात. चाळीस घरट्यांसाठी नऊ मीटर बाय सहा मीटर जागा पुरते. पाच ओळी, ओळीत आठ, दोन घरट्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत एक मीटर. जागा वाचवायला हे अंतर कमी करू नका. उबताना घरटी स्वतःची उष्णता सोडतात आणि जवळजवळ असली तर एकमेकांना तापवतात. शिवाय उकरायला, बसायला, पाय ठेवायला जागा लागते.

शक्य असेल तर दर वर्षी जागा बदला. तीच जागा वापरायची असेल तर जुनी वाळू दोन हात खोलीपर्यंत उपसून, चाळून, टरफलं-मुळं काढून उन्हात पसरा आणि भरतीच्या पट्ट्यातली ताजी वाळू भरा. न बदललेल्या वाळूत बुरशी साचत जाते.

कुंपण छातीएवढं उंच आणि जमिनीखाली अर्धा मीटर पुरलेलं हवं. खालच्या भागाला बारीक छिद्रांची जाळी, नाहीतर खेकडे आत आणि पिल्लं बाहेर. दार एकच, त्याला कडी.

नवा खड्डा हाताने खणा, फावड्याने नाही. आधी कोरडी वाळू बाजूला करा. तोंड वितभर, खाली दोन्ही बाजूंनी कोरत मडक्यासारखा फुगवा, खोली मूळ घरट्याएवढी. पोकळी ढासळायला लागली तर वाळू कोरडी आहे. भोवती थोडं पाणी शिंपडून, अर्धा तास थांबून पुन्हा खणा. अंडी ठेवून झाल्यावर पाणी ओतायचं नाही. अंडी एकेक ठेवताना मोठ्याने मोजा, दुसरा माणूस वहीत टिंबं मारेल. वर आधी ओली वाळू, शेवटी चार बोटं कोरडी. तळहाताने हलकं दाबा, पायाने नाही.

मग पाटी : घरटं क्रमांक, अंडी घातल्याची तारीख, हलवल्याची वेळ, मूळ जागा, अंड्यांची संख्या. हेच वहीतही. पाटीवरची शाई उन्हाने उडते, वही उरते.

पन्नास दिवसांची राखण

आता दिवसचे दिवस काही घडत नाही. पिल्लं ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. जानेवारीच्या थंडीतली घरटी जास्त वेळ घेतात, मार्चनंतरची लवकर उबतात. कासवाच्या पिल्लाचं लिंग तापमान ठरवतं. साधारण २९-३० अंशांच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त. वाळूतलं तापमान ३४-३५ अंशांवर राहिलं तर गर्भच मरायला लागतात. म्हणून अंडी नसलेल्या एका खड्ड्यात एक हात खोलीवर तापमापक ठेवा आणि रोज सकाळी सात व दुपारी दोनला नोंद करा. एप्रिलमध्ये आकडा चढत गेला तर हॅचरीच्या काही भागावर नारळाच्या झापांचा किंवा हिरव्या जाळीचा मांडव घाला. सगळ्यांवर सबंध हंगाम सावली करू नका. तुम्ही नकळत सगळे नरच तयार कराल.

मुंग्यांची रांग दिसली तर पावडर मारायची नाही. रांगेचा माग काढून वारूळ हॅचरीबाहेर शोधा, भोवतीचं खरकटं आणि फुटकी टरफलं हटवा. राखणदारांनी हॅचरीत बसून डबा खायचा नाही, हा नियम त्यासाठीच आहे. अवकाळी पाऊस पडला तर ताडपत्री घरट्यावर थेट अंथरू नका, मांडवावर टाका. वाळूतल्या अंड्यांनाही श्वास लागतो.

चाळिसाव्या दिवशी घरट्यावर टोपली उपडी ठेवा, कोंबड्यांच्या डालग्यासारखी, कडा वाळूत दोन बोटं दाबून. पिल्लं हॅचरीभर पांगू नयेत आणि कोणत्या घरट्यातून किती आली ते कळावं, एवढाच तिचा हेतू. पण एकदा टोपली ठेवली की ती तपासणं आलं : रात्री अर्ध्या-पाऊण तासाने, दिवसा तासाने. सकाळी आठला पाहून दुपारी दोनला पुन्हा पाहिलं, मधल्या वेळात पिल्लं वर आली, वाळू तापली आणि टोपलीखाली साठ-सत्तर मेली. हॅचरीतला हा सर्वांत लाजिरवाणा अपघात आहे आणि तो केवळ वेळापत्रक न पाळल्याने होतो.

पिल्लं येण्याआधी घरट्यावरची वाळू वाटीसारखी खचते. कवचं फुटली की खाली जागा रिकामी होते म्हणून. खचल्यापासून दोन-तीन दिवसांत पिल्लं वर येतात, बहुधा रात्री किंवा पहाटे, वाळू थंड झाल्यावर. खचली म्हणून उकरायचं नाही. आत पिल्लं पोटातला उरलेला बलक शोषून घेत असतात आणि एकमेकांना ढकलत वर चढत असतात.

पिल्लं सोडणं

पिल्लू वर आल्यावर पहिले काही तास त्याच्यात जी तडफ असते, तिच्यावर त्याला लाटांपलीकडे जायचं असतं. टबात पाहुण्यांसाठी थांबवून ठेवलं की ती तिथेच वल्ही मारून संपते. म्हणून रात्री आलेली पिल्लं रात्रीच सोडणं चांगलं. वेळासच्या कासव महोत्सवासारख्या ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी लोकांसमोर सोडतात. त्याचं कारणही रास्त आहे : घरोघरी राहायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे गावाला कासवं राखणं परवडतं. पण मग नियम कडक हवेत.

वाहून नेताना टबात ओली वाळू, पाणी नाही. ओल्या वाळूच्या कडेपासून दहा-पंधरा मीटर अलीकडे सोडा आणि चालू द्या. तो पट्टा आधी फळीने सपाट करून घ्या, कारण माणसाच्या पावलाचा खड्डा पिल्लाला विहिरीएवढा असतो. दोन्ही बाजूंना दोर, लोक दोराबाहेर. पिल्लं उजेडाकडे धावतात, तेव्हा मागून कोणाचाही मोबाइल चमकता कामा नये. लाटेत कोणी उभं राहायचं नाही, मागे वाहून आलेलं पिल्लू पायाखाली येतं. घारी, कावळे दिसले तर थांबा. रोज एकाच जागी सोडू नका, मासे तिथे वाट पाहायला शिकतात.

मलूल पिल्लं वेगळी ठेवा : ओल्या वाळूच्या टबात, अंधारात, वर ओला फडका. पाण्यात नाही, ती बुडतात. अंधार पडल्यावर बहुतेक हुशार होतात.

घरटं उकरून हिशेब

पहिली पिल्लं आल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरतात. हातमोजे घाला, वास येणारच. ढीग वेगळे करा : रिकामी कवचं (अर्ध्यापेक्षा मोठा तुकडा म्हणजे एक), आत अडकलेली जिवंत पिल्लं, मेलेली पिल्लं, न फुटलेली अंडी. न फुटलेली फोडून बघायची. गर्भ मुळीच दिसत नाही, लहान गर्भ आहे, की पूर्ण वाढ झालेलं पिल्लू आहे.

समजा ११२ अंडी होती. रिकामी कवचं ८४, न फुटलेली २८. उबण्याचं प्रमाण ८४ भागिले ११२, म्हणजे ७५ टक्के. पण घरट्यात ५ पिल्लं अडकलेली सापडली, तर स्वतःहून वर आली ७९, म्हणजे साधारण साडेसत्तर टक्के. हे दोन आकडे वेगळे लिहा. आणि त्या २८ अंड्यांकडे नीट पाहा, कारण चूक तिथे लिहिलेली असते. बहुतेक गर्भ अगदी लहान असताना मेले असतील तर हलवण्यात उशीर झाला किंवा अंडी आदळली. पूर्ण वाढलेली पिल्लं मेली असतील तर उष्णता किंवा दबलेली घट्ट वाळू. कवचातून मुळं आरपार गेली असतील तर जागाच चुकली. एकाच माणसाने हलवलेल्या घरट्यांचं प्रमाण सतत कमी येत असेल तर ते त्याला एकट्याला बाजूला घेऊन, पण स्पष्ट सांगा.

सगळं काढून दूर पुरा. खड्ड्यातली वाळूही बदला.

हंगामाबाहेर

पावसाळ्यात जखमी कासवं किनाऱ्याला लागतात, बरीचशी सोडून दिलेल्या जाळ्यांत अडकून वल्हं तुटलेली. त्यांना परत समुद्रात ढकलू नका. जे पोहू शकत नाही म्हणून वाहत आलं, ते पुन्हा वाहूनच येणार. सावलीत ठेवा, पाठीवर ओला फडका टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा. उत्तर कोकणात डहाणूला समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. मेलेलं कासव सापडलं तर पाठीची लांबी-रुंदी मोजा, फोटो काढा आणि वन विभागाने पंचनामा केला की पाठीवर रंगाची रेघ ओढून ठेवा. नाहीतर तेच कासव पुढच्या भरतीत शेजारच्या गावी जाऊन दुसऱ्यांदा मोजलं जातं.

मच्छीमारांना हेही सांगत राहा की कासवासारखा संरक्षित जीव सोडवायला जाळं कापलं तर राज्य सरकारकडून नुकसानभरपाई मिळते, पण कापताना आणि सोडताना फोटो-व्हिडिओ लागतो. बऱ्याच जणांना योजना ठाऊक असते, फोटोची अट नसते.

ऑक्टोबरात, पहिल्या फेरीच्या आधी, ग्रामपंचायतीला अर्ज द्या : समुद्राकडे तोंड असलेल्या दिव्यांना आडोसा करावा किंवा रात्री दहानंतर ते बंद ठेवावेत. किनारा साफ करताना जेसीबी वाळूवर उतरवू नये. अर्जाची पोच घ्या आणि ती वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा.